राजवाड्यातून दिसणारी भिंत

५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा ठीक आहेत, म्हणजे होते तसेच आहेत. फोनवर बोललं की तू ‘बघू’ म्हणतोस आणि तेवढ्यात तुला कुणीतरी साहेब हाक मारतो. कागदावर नुसतं ‘बघू’ लिहून पाठवायची तुला लाज वाटेल, म्हणून हा खटाटोप.

झटका येऊन गेला तेव्हापासून बाबांची उजवी बाजू परत आलेली नाही. जीभ मात्र सुटली आहे, आणि चांगलीच सुटली आहे. काल चहा जरा निवला होता, तर म्हणाले, “आमच्या डार्करूममधलं पाणीसुद्धा याहून बरं लागलं असतं.” स्टुडिओ मी चालवते आहे. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्राचे फोटो, बस. वरून बाबा ओरडून विचारतात, “गिऱ्हाइकाला तयार आहात का विचारलंस का?” विचारलं नाही तर जेवत नाहीत.

अडचण एकच आहे, पण ती रोजची आहे. बाबा वर आणि संडास खाली, मागच्या अंगणात. मधला दगडी जिना तुला आठवत असेल. लहानपणी तू त्याच्या वळणावर पडून हनुवटी फोडून घेतली होतीस. त्या जिन्यावरून शेजारचा बेकरीवाला बाबांना पाठीवर घेऊन उतरतो आणि मी पुढे उलट्या पावलांनी, बाबांचे पाय धरून. तो भट्टीवरून तसाच उठून येतो, त्यामुळे खाली पोचेपर्यंत तिघेही पिठाने पांढरे होतो. बिचारा कधी कुरकुरत नाही. पण बाबा उतरताना डोळे मिटून घेतात. ज्यांनी सगळ्या गावाला ‘मान वर, खांदे सरळ’ म्हणून बसवलं, त्यांना असं पोत्यासारखं जावं लागतं.

नळवाल्याने घर बघितलं. वरच्या मागच्या खोलीत संडास सहज होतो म्हणाला, फक्त पाइप बाहेरच्या भिंतीवरून खाली आणावा लागेल. वारसा कचेरीत अर्ज केला. तो परत आला. कारण काय, तर आपली ती भिंत राजवाड्याच्या गच्चीवरून दिसते. आता राजवाड्याच्या गच्चीवर असतं कोण? पारवे. पारव्यांच्या डोळ्यांत आपला पाइप खुपणार!

तू त्याच खात्यात आहेस, तोही मुख्य कचेरीत. एक शब्द टाकलास तर काम होईल.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. तू अजून तशीच लिहितेस, समोर बसून भांडल्यासारखी.

आधी एक आनंदाची बातमी. अजून कुणाला सांगू नकोस. आपल्या गावाचं नाव जागतिक वारशाच्या यादीसाठी गेलं आहे. मेमध्ये बाहेरचे तज्ज्ञ पाहणीला येतील. सगळी भिस्त आपल्या राजरस्त्यावर आहे.

तुम्हा लोकांना आपण कुठे राहतो याची कल्पनाच नाही. पहिल्या राजांनी डोंगरावरची राजधानी सोडली आणि तळ्याकाठी हे शहर वसवलं, तेव्हा त्यांनी राजवाडा आधी बांधला नाही. आधी रस्ता आखला. दोन्ही बाजूंना सारखी घरं, सारखे सज्जे, एकाच खाणीतला दगड. कुणाचं छप्पर राजवाड्याच्या खिडकीच्या वर जायचं नाही. कुणाची मोरी, कुणाचा नळ रस्त्यावरून किंवा राजवाड्यातून दिसायचा नाही. हुकूम म्हणजे हुकूम! राज्य गेलं, फौज गेली, टाकसाळीचं धान्याचं कोठार झालं, पण हा रस्ता जसाच्या तसा उभा आहे. आणि त्यात आपलं घर राजवाड्याला लागून, रांगेतलं शेवटचं. पाहुण्यांची नजर आधी तिथेच जाणार.

अशा वेळी त्या भिंतीवर पाइप आला तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल. पाहणी होऊन जाऊ दे, मग मी स्वतः लक्ष घालतो. तोवर एक चांगल्या प्रतीचं बेडपॅन पाठवतो आहे. इथल्या इस्पितळात तेच वापरतात. बाबांना सुरुवातीला अवघड जाईल, पण सवय होईल. सवय सगळ्याची होते.

बाबांना नमस्कार सांग.

तुझा धाकटा


४ मार्च

धाकट्या,

तुझा खोका पोचला. बाबांनी हौसेने उघडायला लावला, साहेबाने पाठवलंय म्हणून. आतली वस्तू बघितली आणि म्हणाले, “वा! प्रिंट धुवायचा ट्रे दिसतोय.” मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना कळलं नसेल असं समजू नकोस.

त्या दिवसापासून त्यांनी एक नवं सुरू केलं आहे. पाणी पीत नाहीत. चहा अर्धाच पितात, आमटीतली फक्त डाळ खातात. मला आधी वाटलं, तोंडाला चव नसेल. बेकरीवाल्याच्या लक्षात आलं. म्हणाला, “ताई, पूर्वी मला दिवसातून चार हाका यायच्या, आता एकच येते.” त्याला त्रास नको आणि स्वतःची शोभा नको म्हणून म्हातारा माणूस तहानलेला राहतो आहे. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर मूत्रपिंडं जातील.

म्हणून मी पुन्हा वारसा कचेरीत गेले. तिथल्या कारकून बाई माझ्याच शाळेतल्या. खूप वेळ कागद चाळल्यासारखं करत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तू इथे का चपला झिजवतेस? हा नियम मुळात नव्हताच. राजाच्या वेळचा हुकूम कुणाला आठवतही नव्हता. तुझ्या भावाने तो शोधून काढला आणि नियमात घातला. आता बदलायचा तर त्यानेच बदलायला हवा.”

मी म्हटलं, “दुसरा कुणी असेल.”

त्या म्हणाल्या, “अगं, तो स्वतः येऊन आम्हाला समजावून गेला ना! इथल्या नगरपालिकेला कुठला असला नियम सुचायला?”

म्हणजे तू गावात आला होतास. कचेरीत येऊन गेलास आणि राजरस्त्याच्या टोकापर्यंत आला नाहीस. आलास तर जिना चढावा लागेल असं वाटलं का?

राजे गेले, पण जाताना हुकूम तुझ्या हातात ठेवून गेले असं दिसतं. दुकानावरची बाबांनी रंगवलेली लाल पाटी काढून तपकिरी लावायला लावली तीही तूच का? सगळ्या रस्त्याला सारखी पाटी. परवा एक बाई फोटो काढायला म्हणून बेकरीत शिरली.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. नळवाला आजारी आहे असं सांगितलंय. तो बिचारा आता आमच्या दारावरून जाताना खोकून जातो.

ताई


१८ मार्च

ती. ताई,

तू रागावली आहेस, आणि तुझ्या जागी मी असतो तर मीही रागावलो असतो. पण माझ्या जागी उभी राहून बघ. नियम मी लिहिला आणि पहिली सवलत माझ्याच घराला दिली तर लोक तोंडात शेण घालतील. उद्या सगळ्या रस्त्याला पाइप लागतील, परवा पत्रे येतील, आणि मग दुसऱ्या कुठल्याही बाजारपेठेत आणि आपल्या राजधानीत फरक तो काय राहील? कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवाच ना?

त्या दिवशी आलो होतो, हे खरं. बरोबर वरिष्ठ होते, गाडी थांबवता आली नाही.

आता माझं एक काम आहे, आणि ते बाबांनाही आवडेल. पाहुण्यांना नुसते दगड बघायचे नसतात, त्या दगडांत राहणारी माणसं बघायची असतात. बाबांनी शेवटच्या राजांची मिरवणूक टिपली होती. असा माणूस या रस्त्यावर दुसरा नाही. पाहणीच्या दिवशी बाबांनी सज्ज्यात बसावं. दरबाराचा फोटोग्राफर म्हणून मिळालेला तो काळा कोट त्यांना घाल. पाहुणे खालून जातील, मी त्यांना सांगेन की हे आमच्या राजधानीचे डोळे. मग पाहुण्यांना पुढे पाठवून मी वर येतो. जेवायलाच येतो. आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या पाइपचं बघतो, शब्द देतो.

बाबांना तूच विचार. पण ते हो म्हणतील.

तुझा धाकटा


२ एप्रिल

साहेब,

हे पत्र बेकरीवाल्याच्या हस्ताक्षरात आहे. तुझ्या ताईला लिहायला सांगितलं असतं तर तिने मधेमधे स्वतःचं घातलं असतं.

मी बसेन. कोट थोडा सैल होतो, पण ती मागून टाके घालणार आहे. पाहुण्यांना सांग, मिरवणूक मी तळ्याच्या बाजूने टिपली होती, कारण समोरून उन्हाची तिरीप येत होती. लोकांना वाटतं, समोर उभं राहण्याची माझी हिंमत झाली नाही. तसं नव्हतं.

रस्ता तू चांगला जपला आहेस असं सगळे म्हणतात. मला बरं वाटतं. तुझ्या नियमांबद्दल ताई काही बोलत नाही, पण मला खालचं सगळं ऐकू येतं. नियम करणाऱ्याला घरच्यांचं बघता येत नाही, हे मला कळतं. राजांनीही आपल्या मेहुण्याचं छप्पर उतरवलं होतं.

वर ये मात्र. जिना तोच आहे.

बाबा

(यातलं मी काही बदललेलं नाही. फक्त भट्टीवरून उठून लिहिलंय म्हणून कागदाला पीठ लागलंय. बे.)


२१ जून

ती. ताई, ती. बाबा,

जिंकलो! अजून अधिकृत घोषणा व्हायची आहे, पण पाहणीचा अहवाल उत्तम आहे. पाहुण्यांनी राजरस्त्याबद्दल लिहिलंय की इतका अखंड जपलेला राजधानीचा रस्ता त्यांनी क्वचितच पाहिला.

त्या दिवशी वर येता आलं नाही, माफ करा. जेवणावरून निघायलाच उशीर झाला, आणि मग पाहुण्यांना तळं उतरत्या उन्हात बघायचं होतं. मी खालून हात केला होता. बाबांनी हात हलवला नाही, पण काय बसले होते! मान ताठ, नजर थेट समोर, डावा हात मांडीवर कोटाच्या टोकाशी. एक पाहुण्या बाई म्हणाल्या, असा रुबाब आता फक्त जुन्या राजधान्यांतच बघायला मिळतो.

त्यांनीच काढलेला फोटो आम्ही माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर घेतला आहे. प्रती सोबत आहेत. स्टेशनबाहेर मोठा फलकही लागणार आहे. बाबा, आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढलेत, आता सगळं जग तुमचा बघेल.

पाइपचं विसरलेलो नाही. घोषणा होईपर्यंत थांबू या.

तुमचा धाकटा


२ जुलै

धाकट्या,

बाबांनी लिहू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी ऐकत होते. पण तुझी माहितीपत्रकं आली आणि मला राहवेना.

तू पाहुणे सकाळी येणार म्हणाला होतास. बाबांना मी न्याहारीनंतर कोट घालून गॅलरीत बसवलं. तू त्याला सज्जा म्हणतोस, आमच्यासाठी ती गॅलरी, कपडे वाळत घालायची. त्या दिवशी कपड्यांना बंदी होती. बाबांनी आदल्या दिवसापासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. ऊन चढलं, पाहुण्यांचा पत्ता नाही. बाबांचे ओठ पांढरे पडले. मी घाबरले आणि बळेबळे दोन पेले पाणी पाजलं. मीच पाजलं.

रस्ता दोन्हीकडून दोर लावून बंद केला होता. बेकरी बंद ठेवायला लावली होती, धूर दिसतो म्हणून. बेकरीवाल्याला सकाळीच दोराबाहेर काढला. दुपार कलली तेव्हा बाबा म्हणाले, “त्याला बोलाव.” मी खाली धावत गेले. दोरापाशी उभ्या असलेल्या शिपायाला सांगितलं, माझे वडील वर आहेत, त्यांना खाली न्यायचंय, तो समोर उभा आहे ना, त्याला आत सोडा. शिपाई म्हणाला, “रस्ता मोकळा दिसला पाहिजे. वरून हुकूम आहे.” मी म्हटलं, हुकूम देणाऱ्याची बहीण आहे मी. तो हसला. म्हणाला, “आज सगळेच साहेबांचे नातेवाईक.”

वर येऊन मी एकटीने उचलायला बघितलं. जमलं नाही. भांडं आणते म्हटलं. तोवर तुम्ही वळणावर दिसायला लागलात. तू पुढे, पांढऱ्या शर्टात. बाबा म्हणाले, “राहू दे. आत जा तू. तो येतोय.”

मी आत गेले नाही. दाराआड उभी राहिले. तू वर बोट दाखवून काहीतरी सांगत होतास आणि सगळ्यांनी कॅमेरे वर केले. त्याच वेळी बाबांचा धीर सुटला. खुर्चीखालच्या फरशीवरून पाणी माझ्या पावलांपर्यंत आलं. बाबांनी मान हलवली नाही. डाव्या हाताने कोटाचं टोक ओढून मांडीवर धरून ठेवलं. तू खालून हात केलास. त्यांनी कुठल्या हाताने उत्तर द्यायचं? एक हात मेलेला, दुसरा झाकायला लागलेला.

तोच तुझा रुबाब. तोच तुझ्या मुखपृष्ठावर आहे.

तुम्ही पुढे गेलात, तसं मला म्हणाले, “लवकर बदल मला. साहेब वर येईल.” मी त्यांना धुतलं, पुसलं, नवा सदरा घातला, भांग पाडला. दाराकडे तोंड करून बसवलं. ताटं वाढलेली होती. अंधार पडला तसं म्हणाले, “आपण जेवून घेऊ. त्याचं काम मोठं आहे.”

तुझं माहितीपत्रक मी लपवणार होते. पण टपालवाला खालूनच ओरडला, “बाबा, तुमचा फोटो आलाय!” दाखवावंच लागलं. खूप वेळ बघत होते, गिऱ्हाइकाची प्रिंट तपासतात तसे. मग म्हणाले, “प्रकाश उत्तम पडलाय. चौकट अचूक. पण मी हा काढला नसता. माणूस तयार नव्हता.” आणि पालथं ठेवलं.

त्या दिवसापासून ते गॅलरीत बसत नाहीत. स्टुडिओतलं काही ओरडून विचारत नाहीत. मी गिऱ्हाइकाला मुद्दाम मोठ्याने ‘तयार आहात का?’ विचारते. वरून आवाज येत नाही.

ताई


९ जुलै

ताई,

पत्र कचेरीत उघडलं, ते चुकलं.

पण मला कुणीतरी सांगायला हवं होतं. तू दोरापाशी माझं नाव घेतलंस तर शिपायाने निरोप का दिला नाही? पाहुण्यांचा उशीर माझ्या हातात होता का? मी तर बाबांचा मान व्हावा म्हणून हे केलं. माझ्या हेतूत खोट नव्हती, एवढं तरी तू मानशील.

सोबत पाइपची परवानगी आहे. खास बाब म्हणून मंजूर केली आहे. अट एकच, पाइप दगडाच्या रंगाने रंगवायचा.

फलकाचं मात्र काही करता येणार नाही. तो कालच लागला. आता उतरवायला सांगितलं तर कारण विचारतील, आणि कारण काय सांगू? लोकांना फोटो आवडतो आहे. बघणाऱ्याला काहीच कळत नाही, ताई. मी नीट निरखून बघितलं. खरंच काही कळत नाही.

बाबांना सांगू नकोस, मला हे कळलंय म्हणून.

धाकटा


१ सप्टेंबर

धाकट्यास,

तुझी परवानगी आठवड्याच्या आत पोचली. एवढी सोपी होती. नळवाल्याला दाखवली तर तो खोकायचाच विसरला. सामान घेऊन दुसऱ्या दिवशी आलासुद्धा.

पण बाबा नको म्हणाले. मी समजावलं, ओरडले, शेवटी रडले. ते म्हणाले, “पाइप लावून काय करू? मला या घरातच राहायचं नाही.” जन्म त्याच घरात गेला त्यांचा.

नको का म्हणाले, ते तू येऊन बघितलं असतंस तर कळलं असतं. स्टेशनावरचा फलक बघून लोक येतात. तुझं माहितीपत्रक हातात धरून आमच्या घराखाली उभे राहतात आणि वर बघतात. वाटाड्या मोठ्याने सांगतो, हीच ती गॅलरी. मग हाका मारतात, “आजोबा, जरा बाहेर या ना!” एकाने तर टाळ्या वाजवल्या. आत पलंगावर बाबा चादर तोंडावर ओढून घेत. मी वरून एकदा पाणी फेकलं, तर त्याचाही फोटो काढला.

म्हणून आम्ही घर सोडलं. जुन्या गावाबाहेर नवी वस्ती झाली आहे, तिथे तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. उंबरा नाही, खुर्ची सरळ आत जाते. संडास पलंगापासून चार पावलांवर. बाबा भिंतीला धरून, माझ्या खांद्यावर हात टाकून स्वतः जातात. स्टुडिओ बंद केला. इथे रस्त्याला लागून एक टपरी मिळते का बघते आहे.

निघायच्या दिवशी बेकरीवाल्याने बाबांना शेवटचं उतरवलं. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत. जिना, वळण, अंगण, सगळं बघत उतरले. बेकरीवालाच रडत होता. त्यालाही आता भट्टी हलवायची नोटीस आली आहे. समोरचा शिंपी गेला, औषधवाला जाणार आहे. तुझा रस्ता लवकरच अगदी मोकळा दिसेल.

आम्ही सामान भरत होतो तेव्हा वारसा कचेरीतला तरुण साहेब आला होता. भला मुलगा वाटला. चाचरत म्हणाला, “घर रिकामं राहणार असेल तर गॅलरीत बसायला एखादा म्हातारा पगारी ठेवायचा विचार आहे. लोकांची निराशा होते. बाबांचा तो कोट मिळेल का?” मी मिळणार नाही म्हटलं. तर म्हणाला, “हरकत नाही, तसाच शिवून घेऊ.”

घराची किल्ली बेकरीवाल्याकडे आहे, तो आहे तोवर. घर तुझं. नियम तुझे, भिंत तुझी. राहून बघ.

नवा पत्ता पाकिटाच्या मागे आहे. ये असं मी म्हणत नाही. येऊ नकोस असं बाबांनी सांगितलेलं नाही.

बाबा कसे आहेत हे तू निदान एकदा तरी विचारशील म्हणून लिहिते. पहिल्या सकाळी बाबांनी खुर्ची खिडकीशी न्यायला लावली. बाहेर बघण्यासारखं काही नाही. पाण्याची टाकी, समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे, दोन स्कूटर. ते बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, “इथून राजवाडा दिसतो का गं?”

मी म्हटलं, “नाही हो बाबा. कुठूनच दिसत नाही.”

“मग राजवाड्यालाही आपण दिसत नसू,” ते म्हणाले, आणि खिडकी पूर्ण उघडायला सांगितली.

ताई